मधली रांग

१

पाकीट फाडलं आणि अख्ख्या शेडमध्ये कांदा पसरला.

खरा कांदा नाही हं, वास! पाकिटात होती हॉपची सुकवलेली बोंडं. हॉप म्हणजे एक वेल. तिची बोंडं कागदी खवल्यांची आणि हलकी, चिमुकल्या हिरव्या अननसासारखी दिसतात. बिअरला जो कडवटपणा आणि वास असतो तो ह्या बोंडांचा. मी बिअर प्यायलेली नाही, आणि आमची आजी असेपर्यंत तो विषयच नाही. पण वासात मात्र मी एकदम पक्की झालेय! बोंड तळहातावर चुरडायचं, ओंजळ नाकाशी न्यायची आणि डोळे मिटायचे. आमच्या मांडवातल्या वाणाला मोसंबीच्या सालीचा वास येतो, म्हणून त्याचं लांबलचक इंग्रजी नाव राहिलं बाजूला आणि तो झाला मोसंबी. घोडेगावकडच्या गेणभाऊंच्या मांडवातल्या वाणाला ओल्या गवताचा वास, म्हणून ती गवती.

नारायणगावजवळ बिअर बनवणारा एक छोटा कारखाना आहे. त्याचे मालक ह्या दोन्हींतला एकच वाण निवडणार होते. पुढची सगळी लागवड त्याची, आणि दुसऱ्याची वेल मुळासकट काढायची. त्यासाठीच बुधवारी सकाळी ते पिंपरी पेंढारला आमच्या शेडमध्ये आले होते. गवतीचं पाकीट आधी उघडलं. मालकांनी वास घेतला, मान डोलावली. मग मोसंबीचं.

"हे काय आहे?" मालकांनी हात झटकले. "भजी तळायचीत का?"

कुणीच हसलं नाही.

स्वप्नाताईनं पाकीट नाकाशी नेलं आणि तिचा चेहरा उतरला. स्वप्नाताई त्या कारखान्यातली ब्रूअर. बिअर कशी बनवायची, त्यात काय घालायचं, सगळं तीच ठरवते. आमच्याच गावची आहे. द्राक्षबाग काढल्यावर आमचा मांडव रिकामा पडला होता, त्यावर हॉप चढवायला माझ्या आजोबांना तिनंच राजी केलं. आपल्याकडचा दिवस ह्या वेलीला पुरत नाही, म्हणून संध्याकाळी मांडवात दिवे लावून दिवस लांबवायचा, हेही तिचंच डोकं.

"वाळवलं कुणी? पाकीट कुणी बंद केलं?" मालकांनी विचारलं.

"मी," कपिलदादा म्हणाला. तो स्वप्नाताईचा सख्खा धाकटा भाऊ. आमच्या शेडमधला ड्रायर तोच चालवतो.

"आणि माल होता कुठं इतके दिवस?"

"आमच्या पडवीत. शेडच्या दाराला मोठी फट हाय म्हणून."

"पडवीला लागून त्यांची कांद्याची वखार हाय," आबा हळूच म्हणाले. हौशीराम आबा, माझे आजोबा. ते हाताची घडी घालून उभे होते. मनगटापासून कोपरापर्यंत लालभडक ओरखडे. हॉपची वेल खरखरीत असते, उतरवताना हात सोलवटून निघतात.

झालं! सगळ्या माना एकदम कपिलदादाकडे वळल्या. कुणीतरी "तरीच!" म्हणालं. ते 'तरीच' मला आवडलं नाही. का, ते मात्र तेव्हा कळलं नाही.

स्वप्नाताई भावाकडे न बघताच बोलली. "माझा भाऊ आहे म्हणून सोडलं, असं कुणी म्हणायला नको. कपिल, उद्यापासून कामावर येऊ नकोस."

कपिलदादानं खिशातून शेडची किल्ली काढली, टेबलावर ठेवली आणि निघून गेला.

"मी नारायणगावातली कामं उरकून संध्याकाळी येतो," मालक म्हणाले. "तेव्हा निकाल सांगतो. आता सांगण्यासारखं काही राहिलेलं नाहीच म्हणा."

२

नववीची परीक्षा संपली होती, शाळेला सुट्टी होती आणि माझं डोकं अगदी मोकळं होतं. मी ठरवलं, संध्याकाळपर्यंत हे शोधायचंच. कपिलदादानं मला सायकल शिकवलीय. तो बोंडं एकेक करून चाळतो, ड्रायरजवळ कुणाला तंबाखूसुद्धा मळू देत नाही. असा माणूस माल कांद्यात ठेवेल? पटेना!

मोसंबी बिघडावी असं वाटणारं कोण? पहिलं नाव आमच्याच घरात. साळुबाई, माझी आजी. हॉप लावला त्या दिवसापासून ती मांडवात पाऊल टाकत नाही. मी स्वयंपाकघरात गेले तेव्हा ती नेमका कांदाच चिरत होती.

"आजी, मोसंबीच्या पाकिटाला तू हात लावलास का गं?"

तिनं हात थांबवला. "मी? त्या दारूच्या पाल्याला?"

"पाला नाही गं, बोंडं."

"बोंडं का फिंडं! ऐक पोरी, मला नासवायचंच असतं तर कांद्यानं कशाला नासवलं असतं? शेणाचा पो टाकला असता मधोमध, आन् मालकाला सांगितलं असतं, व्हय, मीच टाकला." ती पुन्हा चिरायला लागली. "तुझ्या आबाला इचार. दारूचं पीक म्हणून मी मांडवाकडं फिरकत न्हाई, तर हा रविवारी दिवसभर मांडवात. जेवायला हाका मारून मारून माझा घसा बसला."

आजी खोटं बोलत नाही, तिला जमतच नाही ते. मी तिचं नाव मनातल्या मनात खोडलं.

दुसरं नाव गेणभाऊ. मोसंबी पडली की गवती जिंकली, आणि गवती त्यांची! निकालासाठी ते आमच्याच ओट्यावर थांबले होते. मी चहा घेऊन गेले आणि सरळच विचारलं, "गेणभाऊ, मोसंबी गेली तर तुमचं चांगलंच आहे ना?"

ते खो खो हसले. "ही पोरगी वकील व्हनार राव! व्हय, माझंच भलं हाय. मंग मला सांग, सकाळी समद्यांनी माझ्याकडं बघायला पायजे व्हतं का न्हाई? बघितलं का कुणी?"

मी कपबशी त्यांच्या हातात दिली.

"न्हाई बघितलं. समदे कपिलकडं बघितले." त्यांनी बशीत चहा ओतला आणि हसू बंद झालं. "मी पण त्याच्याकडंच बघितलं. खोटं कशाला बोलू."

त्यांनी एक घोट घेतला. मग म्हणाले, "पन हौशीरामचं वाईट वाटतंय. द्राक्षाला काय नाव व्हतं त्याचं! व्यापारी मांडवात शिरला की त्याला थेट मधल्या रांगेत न्यायचा. बाकीचा बाग उतरला तरी ती रांग राखलेली. मणी असा पिकलेला, की व्यापारी तोंडात टाकायचा आन् भावाचं बोलणंच इसरायचा."

"आम्ही सोमवारीच सगळा हॉप उतरवला," मी म्हणाले. "मागच्या सोमवारी. स्वप्नाताईनंच सांगितलं होतं, आजच्या आज तोडा म्हणून."

"मंग तर येळ बरोबर साधली," गेणभाऊ म्हणाले.

बरोबर? सोमवारी सगळं उतरवलं, आणि आजी म्हणते आबा रविवारी दिवसभर मांडवात. रिकाम्या मांडवात आबा करत काय होते?

३

कपिलदादाच्या घराकडे जायच्या बोळात जयंतीच्या निळ्या पताका अजून तशाच होत्या. तो पडवीत कांद्याचे क्रेट एकावर एक चढवत होता. मला बघितलं, तरी थांबला नाही.

"दादा, मला सांग ना काय झालं ते."

"तू पहिलीच," तो म्हणाला.

"कसली पहिली?"

"इचारनारी. सकाळपास्नं मला कुणी इचारलंच न्हाई. समद्यांनी मलाच सांगितलं, काय झालं ते. ताईनं पन."

मी क्रेटवर बसले. वखारीचं दार उघडं होतं आणि वास तर होताच, डोळ्यांत पाणी येण्याइतका! भिंतीला टेकून मोसंबीची पोती उभी होती, शेजारी गवतीची, कारण गेणभाऊंचा मालही आमच्याच ड्रायरवर वाळतो. मालकांना पाकिटं दाखवायची होती, पोती इथंच राहिली होती.

"मी वास घेऊ?"

त्यानं हातानंच "घे" केलं.

मी मोसंबीचं पहिलं पोतं सोडलं. एक बोंड चुरडलं, ओंजळ नाकाशी, डोळे बंद. मोसंबी! निव्वळ, ताजी, तोंडाला पाणी सुटेल अशी मोसंबी! दुसरं पोतं, तिसरं, सगळी तशीच. मग मी पोत्याचं कापडच नाकाला लावलं. कापडाला वास आधी चिकटतो ना! आईची ओढणी फोडणीजवळून नुसती गेली तरी दिवसभर सांगत असते. पण कापडाला बारदानाचाच वास होता.

"दादा!" मी ओरडलेच. "वखारीतला कांदा लागला असता तर आधी उघड्या पोत्यांना लागला असता! पाकीट तर तू चिकटवून बंद केलं होतंस. त्याला कसा लागेल?"

"मी पन तेच म्हनतोय सकाळपास्नं. मनात."

"मोठ्यांदा का नाही म्हणालास?"

त्यानं शेवटचा क्रेट चढवला. "कुणाम्होरं?"

मी मूठभर बोंडं खिशात टाकून पोतं पुन्हा बांधलं. पण एक प्रश्न उरला होता. "पाकिटातली बोंडं ह्याच पोत्यांतली ना? सोमवारचीच?"

कपिलदादानं हात पुसले.

"मी शब्द दिलाय," तो म्हणाला. "ते पाकीट तुझ्या आबांचं. त्यांनाच इचार."

४

मी मांडवात पळतच गेले.

उतरवलेल्या वेली कापून रांगेच्या कडेला ढीग घातले होते. कडेच्या ढिगांतली पानं सुकून तंबाखूसारखी झालेली, पाय पडला की चुरा. मी एकेक ढीग बघत मध्यावर आले. मधल्या रांगेच्या ढिगात हात घातला आणि हात ओला झाला. आतली पानं अजून हिरवी होती, नुसती मरगळलेली.

ही रांग सोमवारी कापलेलीच नव्हती. नंतर कापली होती, बऱ्याच नंतर.

आबांच्या हातावरचे लाल ओरखडे आठवले. सोमवारचे ओरखडे एव्हाना खपली धरून काळे पडले असते. माझ्या हातावरचे पडलेत की!

वर बघितलं. दिव्याच्या वायरीत एका वेलीचा शेंडा गुंतून तसाच लोंबत राहिला होता, बोंडांचा झुबका घेऊन. मी खांबावर चढून हात लांबवला आणि एकच बोंड तोडलं. टोकाला ते तपकिरी झालं होतं. चुरडलं तर आतली भुकटी पिवळी नव्हती, शेंदरी होती.

ओंजळ नाकाशी नेली.

कांदा. वर थोडा लसूणसुद्धा!

मी खांबावरून उतरले आणि खालीच बसले. उत्तर सापडलं होतं. खरं तर मी नाचायला पाहिजे होतं, पण ती रांग आबांची होती.

"काय करतीस गं हितं?"

आबा. मी त्यांना ओंजळ दाखवली. ते आधी हसलेच. "बघितलीस का माझी रांग? सोमवारी तोडा म्हणली स्वप्ना. तोडलं समदं. पन पावण्याला दावायचा माल कच्चा तोडत्यात व्हय? चाळीस वरीस द्राक्षं केली मी. मधली रांग राखली रविवारपातूर, चांगली पिकू दिली. कपिलला म्हणलं, येगळी वाळव, ताईला बोलू नको, तिला खूश करायचंय."

"आबा, वास घ्या."

"आता कशाला..."

"घ्या ना."

त्यांनी घेतला. पुन्हा घेतला. मग खांबावर पाय देऊन दुसरं बोंड स्वतः तोडून चुरडलं आणि तोच वास आला. माझे आबा कधी खाली बसत नाहीत, शेतात तर नाहीच. ते माझ्याशेजारी मातीत बसले.

"पिकल्यावर गोडी येती," ते म्हणाले. मला नव्हे, हातातल्या चुऱ्याला. "पिकल्यावर गोडीच येती की."

"हे फळ नाहीये आबा."

त्यांनी हातातला चुरा ढिगावर झटकला. मग हळू आवाजात म्हणाले, "मला खरंच कांद्याचाच वास वाटला गं, वखारीचा. देवाशपथ. पन दोष वखारीवर हाय तवर मोसंबीला आशा हाय, तू मालकाम्होरं बोललीस तर ती जाईल. माझी गावात शोभा व्हईल. नको बोलू, संस्कृती."

"आणि कपिलदादा?"

आबा उठले, धोतर झटकलं आणि घराकडे चालू लागले.

५

मालक आले तेव्हा उन्हं कलली होती. शेडमध्ये सगळे जमले. मी कपिलदादाला हाताला धरून ओढत आणलं होतं. तो दाराशीच उभा राहिला, आत येईना.

"तर गवती," मालक म्हणाले. "आणि त्या मुलाचं काय ते तुम्ही ठरवलंच आहे."

"थांबा!" माझा आवाज इतका मोठा निघाला की मीच दचकले. "दोन मिनिटं मांडवात चला. प्लीज! नंतर हवं ते ठरवा."

आजीनं कपाळावर हात मारला. गेणभाऊ म्हणाले, "चला हो सायेब, वकीलीनबाई सोडायच्या न्हाईत." आणि आले सगळे.

मी मालकांना वायरीतला झुबका दाखवला. "हा कधी मांडवाबाहेर गेलाय?"

"दिसतोय तर इथंच अडकलेला."

"ड्रायरमध्ये? पडवीत? वखारीजवळ?"

"नाही."

"कपिलदादाचा हात लागलाय ह्याला?"

"अगं, पण मुद्दा काय तुझा?"

मी खांबावर चढून झुबका ओढला, दोन बोंडं त्यांच्या तळहातावर ठेवली. "चुरडा."

त्यांनी चुरडली, ओंजळ नाकाशी नेली. भुवया वर गेल्या. ओंजळ त्यांनी स्वप्नाताईपुढे धरली. तिनं वास घेतला आणि चुऱ्यातली शेंदरी भुकटी बोटावर घेऊन बघितली.

"आणि ही पडवीतली," मी खिशातली पोत्याची बोंडं काढली. "कितीतरी रात्री कांद्याशेजारी होती. घ्या वास!"

मोसंबी. मांडवभर.

"जास्त पिकलं की हॉपला कांद्या-लसणाचा वास सुटतो," स्वप्नाताई सावकाश म्हणाली. "वाचलंय मी हे. शिकवलंय मला. सकाळी ते डोक्यात यायला पाहिजे होतं. पण सोमवारी सगळं उतरलं असं मला सांगितलं होतं, म्हणून मी..." तिनं मांडवाच्या कडेला उभ्या असलेल्या भावाकडे बघितलं. "माझा त्या सांगण्यावर विश्वास होता. तुझ्यावर नव्हता."

कपिलदादा जमिनीकडे बघत होता.

"म्हणजे ही रांग कुणीतरी मागं ठेवली," मालक म्हणाले. "कुणी?"

मी उत्तर देणार नव्हते. खरंच सांगते, तेवढं मात्र मला जमलं नसतं. मालकांची नजर फिरत फिरत परत कपिलदादावर गेली. सवयीनं गेल्यासारखी! "तूच होतास ना तोडणीला? आळस केलास?"

कपिलदादानं मान वर केली. ओठ हलले, पण दिलेला शब्द त्यानं तरीही मोडला नाही.

आणि आबांनी हाताची घडी सोडली. दोन्ही हात पुढे केले, ओरखडे वर करून.

"त्यानं न्हाई. मी राखली," आबा म्हणाले. "कपिलला गप ऱ्हायला मीच सांगितलं व्हतं. सकाळी वखारीचं नाव बी मीच काढलं."

६

शेडमध्ये परतून मालकांनी पडवीतली दोन्ही पोती आणवली, मोसंबीचं हुंगलं, गवतीचं हुंगलं, आणि स्वप्नाताईला विचारलं, "तू सांग. कोणती?"

मला वाटलं, आता ती मोसंबी म्हणेल. वास तर केवढा सुंदर! पण तिनं गेणभाऊंना विचारलं, "तुम्ही कधी तोडली?"

"तू म्हणालीस त्याच्या फुडं गेली की चार-पाच दिस. घरात लगीन व्हतं." गेणभाऊ ओशाळले. "बोललो न्हाई तुला."

"उशीर होऊनही वास राहिला." तिनं गवतीचं एक बोंड चुरडून बघितलं. "गवती. मोसंबी जास्त चांगली आहे, पण ती थांबत नाही. लग्न असतं, लाइट जाते, मजूर येत नाहीत. थांबणाराच वाण लावायला हवा."

म्हणजे आमची वेल जाणार. माझ्याच ओंजळीनं गेली! मी रडले नाही, पण नाक चुरचुरत होतं आणि ते कांद्यानं नव्हतं.

स्वप्नाताईनं टेबलावरची किल्ली उचलून कपिलदादापुढे धरली. त्यानं ती घेतली, पण तिच्याशी तो बोलला नाही. त्या दिवशी नाहीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा म्हणाले, "चल माझ्यासंगं." पताकांच्या बोळातून आम्ही गेलो. इतकी वर्षं कपिलदादा आमच्या ओट्यावर बसतो, पण आबा त्याच्या पडवीत कधी बसल्याचं मी बघितलेलं नाही. ते पायरीशी थांबले. हातातली टोपी नुसती फिरवत राहिले.

कपिलदादा बाहेर आला. त्यानं आबांकडे बघितलं, वखारीच्या उघड्या दाराकडे बघितलं.

"या की आबा," तो म्हणाला. "पन हितं कांद्याचा वास येतो. चालंल?"

आबांची मान खाली गेली. मग ते पायरी चढले आणि एका क्रेटवर बसले.

"येऊ दे," ते म्हणाले. "तेवढा वास लागलाच पायजे मला."

कपिलदादा हसला नाही. पण थोड्या वेळानं आत गेला, आणि चहासाठी स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला.